शिक्का माझ्या खिशात होता

माझं अर्धंअधिक आयुष्य एसटी स्टँडवर नियंत्रकाच्या खिडकीमागे गेलं. त्या खिडकीत बसलं की कोण कशासाठी निघालाय हे न विचारता कळायला लागतं. सासरी निघालेली बाई आणि माहेरी निघालेली बाई मी पिशवीवरून ओळखतो. कोर्टाच्या तारखेला निघालेला माणूस गाडी लागायच्या तासभर आधी येऊन बसतो आणि तीनतीनदा तीच चौकशी करतो. अशी नजर बसली की कोणाच्या शब्दावर चटकन विश्वास बसत नाही. बायको म्हणते, यात नोकरीचा काही दोष नाही, तुम्ही जन्मापासूनच असे आहात. असेन. मला त्याचा अभिमान होता, हे मात्र आधीच कबूल करून टाकतो.

आमचं गाव काशीदपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. भाताची शेती, घरटी एखादा माणूस मुंबईला, एखादा कंपनीत, आणि बाकी उरलेला सगळा वेळ कबड्डी. मी गावच्या कबड्डी मंडळाचा चिटणीस. मंडळाचा रबरी शिक्का माझ्या ताब्यात असायचा आणि तो मी घरात तांदळाच्या पिंपात ठेवायचो. आमचे अध्यक्ष, मंडळाचे तेच गावकीचेही, मोठे भिडस्त गृहस्थ. त्यांच्या हाती शिक्का लागला तर ते कोणाच्याही कागदावर उठवतील, अशी माझी खात्री होती. तांदूळ काढताना बायकोच्या हाताला शिक्का लागायचा आणि ती रोज नव्याने कपाळाला हात लावायची.

त्या शिक्क्यात गंमत होती ती अशी. प्रत्येक खेळाडूची जिल्ह्याला नोंदणी असते, आणि ती मंडळाच्या नावाने असते. मंडळ बदलायचं तर जुन्या मंडळाचा ना हरकत दाखला लागतो. नोंदणीची मुदत संपायच्या आत दाखला मिळाला नाही, तर गडी पुढचं वर्षभर जुन्याच मंडळाचा राहतो. खेळला तरी आमचा, घरी बसला तरी आमचा. दुसरीकडे कुठे पाय ठेवायची सोय नाही.

आमच्याकडे एक चढाईपटू होता. तसा जिल्ह्यात दुसरा नव्हता, हे मी चिटणीस म्हणून नाही, बघणारा म्हणून सांगतो. चढाईला गेला की समोरचे सात जण आपोआप एक पाऊल मागे सरायचे. उजव्या पायावर गिरकी घेऊन तो असा परत फिरायचा की पकड करणाऱ्याच्या हातात नुसती हवा यायची. सव्वीस वर्षांचा. एरवी काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवायचा. त्याच्या जिवावर आम्ही जत्रेच्या स्पर्धेतला फिरता चषक सलग दोन वर्षं जिंकला होता. तिसऱ्या वर्षी जिंकला की तो कायमचा गावाचा.

तेवढ्यात त्याचं बिनसलं. माघात आमचा संघ म्हसळ्याला खेळून आला आणि तेव्हापासून तो सरावाला यायचा बंद झाला. विचारायला माणूस पाठवला तर निरोप आला, ‘मला दाखला पायजे. मी आता तुमच्याकडून खेळणार न्हाय.’ कारण काय, तर मंडळ त्याला विचारत नाही, चढाया कोणी करायच्या ते बाहेर बसलेले म्हातारे ठरवतात, जिंकलो की हार अध्यक्षांच्या गळ्यात. यातलं एकही खोटं नव्हतं. म्हणूनच मला शंका आली. इतकी वर्षं हे सगळं त्याने हसत सोसलं होतं, मग आत्ताच कसं टोचायला लागलं?

चारच दिवसांत उत्तर मिळालं. अलिबागकडच्या एका मोठ्या मंडळाचे चिटणीस मोटारसायकलवर माझ्या दारात हजर. त्या मंडळातून खेळलेली पोरं पुढे कंपन्यांच्या संघात जातात, खेळाडू म्हणून कायमची नोकरी लागते, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत. त्यांनी सरळ सौदा मांडला. तुमचा चढाईपटू आम्हाला द्या, आमचा डावा कोपरा सांभाळणारा गडी तुम्हाला देतो, दोन्ही दाखले एकाच दिवशी. गडी चांगला होता. आमचा डावा कोपरा तर कधीचाच उघडा पडला होता. दुसऱ्या कोणी तिथल्या तिथे हो म्हटलं असतं. मी मात्र मनात म्हटलं, हा माणूस एवढ्या उन्हात एवढ्या लांब आला, म्हणजे याची गरज मोठी आहे. मी दोन गडी मागितले.

ते म्हणाले, ‘विचारून सांगतो,’ आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेले.

आमच्याकडे गावकीची, म्हणजे गावसभेची, एक रीत आहे. ज्याला गावाकडे काही मागायचं असेल त्याने देवळाच्या सभामंडपात यायचं, सतरंजीवर मांडी घालून बसायचं, आणि अध्यक्षांनी विचारलं की मग बोलायचं. उभ्याने बोलणारा माणूस मागायला नाही, भांडायला आलाय असं धरतात. मतं मागायला येणारे पुढारीसुद्धा इस्त्रीचे कपडे आवरून आधी खाली बसतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही. लहानपणापासून बघून बघून अंगात मुरतं.

फाल्गुनातल्या रविवारी सकाळी त्याला बोलावलं. तो आला, पायऱ्या चढला, आणि खांबाला टेकून उभा राहिला. सगळा गाव खाली बसलेला आणि हा उभा. अध्यक्ष म्हणाले, ‘बस रे बाबा.’ तो म्हणाला, ‘बरा हाय उभा. मला दाखला पायजे, बाकी काय नको.’

सभामंडपात कुजबुज सुरू झाली. मला तर नाकाला मिरच्या झोंबल्या. मी ओरडलो, ‘आधी बस, मग बोल!’

त्याच्या कपाळावर घाम होता. तो म्हणाला, ‘काका, बसाया न्हाय आलो. दाखला देणार की न्हाय, तेवढं सांगा.’

झालं. जी दोनचार डोकी त्याच्या बाजूची होती तीही उलटली. गावासमोर मांडी घालायला ज्याला लाज वाटते त्याला कसला दाखला! एक म्हातारा म्हणाला, ‘आतापासून जिल्ह्याचा झाला, गावाचा न्हाय ऱ्हायला.’ दाखला द्यायचा नाही असं एकमताने ठरलं आणि मी घरी येऊन शिक्का पिंपाच्या तळाशी ढकलला.

दोन दिवसांनी तो एकटाच आमच्या घरी आला. दुपारची जेवायची वेळ होती. आमच्याकडे अजून खाली बसूनच जेवतात. बायकोने त्याच्यासाठी ताट वाढलं, भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण. लहानपणी याच घरात तो हक्काने मागून खायचा. त्या दिवशी तो उंबऱ्याच्या आत आला, दाराला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, ‘जेवून आलोय, काकी.’ मला म्हणाला, ‘काका, माझं वय सरत चाललंय. पुढल्या वर्षी मला कोण घेणार न्हाय. त्या मंडळात नाव लागलं की कंपनीच्या निवडीला जाता येतंय. तेवढं करा.’

‘मग जत्रेची फायनल खेळ,’ मी म्हटलं.

‘फायनल नको. दाखला द्या, फायनल नको. मागाहून सांगाल ते करीन.’

इथे माझे कान टवकारले. दाखला हवा, फायनल नको. का बरं? चषक ज्याच्याकडे तो संघ थेट फायनलला, अशी जत्रेची रीत; आमच्यासमोर बहुतेक ते अलिबागकडचं मंडळच येणार होतं. म्हणजे याने त्यांना शब्द दिलाय की मी तुमच्याविरुद्ध उतरणार नाही! सगळं कसं एका ओळीत बसलं. मी नुसता हसलो. माझं ते हसणं फार वाईट असतं असं बायको म्हणते.

तो गेल्यावर ती ताट उचलत म्हणाली, ‘भाकरीला न्हाय म्हणणारा पोर न्हाय तो.’

‘मस्ती आलीय त्याला,’ मी म्हटलं.

त्यानंतर मी खिडकीतून त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. दर मंगळवारी तो रोह्याची गाडी पकडायचा. पहिल्यांदा विचारलं तर म्हणाला, पालीला, बल्लाळेश्वराला. ठीक आहे, मंगळवार आहे, गणपती आहे. पण संध्याकाळी परतला तेव्हा कपाळाला गंध नव्हतं, हातात प्रसादाची पुडी नव्हती. पालीहून मोकळ्या हाताने परतणारा भक्त मी इतक्या वर्षांत बघितला नव्हता. तीन मंगळवार तेच झालं. मी अध्यक्षांना सांगितलं, रोह्याला त्यांची माणसं भेटतात याला. अध्यक्ष म्हणाले, ‘कशावरून?’ मी म्हटलं, ‘गंध न्हाय यावरून.’ तिसऱ्या मंगळवारी तो गाडीतून उतरला तेही मला आठवतं. दांडा धरून आधी उजवा पाय खाली, मग डावा. पुढच्या पायरीलाही आधी उजवा. म्हाताऱ्या बाया उतरतात तसा. मी बघितलं आणि मनात म्हटलं, काय नाटक करतोय, मला दिसावं म्हणून.

हे असं मी बघितलं होतं. म्हणून सांगतो, न बघितल्याचा बहाणा मला करता येत नाही.

दरम्यान मोठ्या मंडळाकडून काही उत्तर येईना. मी फोन केला तर त्यांचे चिटणीस म्हणाले, एकाला एक, दोन मिळणार नाहीत, आणि फायनलला आमची माणसं बघायला असतीलच. नोंदणीची मुदत फायनलच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. दोरी माझ्या हातात होती आणि मी ती ताणली. त्याला निरोप धाडला: फायनल खेळ, चषक गावात येऊ दे, मग मैदानावरच दाखला घेऊन जा. नाही खेळलास तर वर्षभर बोटच चालव.

दुसऱ्या दिवशी एकच ओळ मोबाईलवर आली: ‘खेळतो. शिक्का मैदानात घेऊन या.’

बघा, त्याचाही माझ्यावर विश्वास नव्हता. मला ते आवडलं, खरं सांगतो. वाटलं, शिकला माझ्याकडून.

चैत्रातली जत्रा. कापणीनंतरच्या मोकळ्या शेतात मैदान आखलेलं, कडेला माणसंच माणसं. फायनल संध्याकाळी पाचला, उजेडात. समोर खरंच अलिबागकडचं मंडळ. एक पोरगा मोबाईल काठीला बांधून सगळा सामना थेट दाखवत होता, मुंबईला असलेली गावची माणसं तिकडून बघत होती. दाखला टाईप करून, सही करून माझ्या शर्टाच्या खिशात होता. शिक्का पॅन्टच्या खिशात. कागदावर तो अजून उठवला नव्हता.

पहिल्या डावात तो चढाईला जायचा, चढाईत ओलांडावीच लागते ती निदानरेषा जेमतेम ओलांडून दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करायचा आणि रिकामा परत यायचा. गिरकी नाही, खोल शिरणं नाही. पाच चढाया तशाच गेल्या. आमच्यावर लोण चढला, म्हणजे आमचे सातही गडी बाद झाले. लोक ओरडायला लागले. मला आतून थंडगार समाधान वाटत होतं: धरला. विकला गेलाय हा, आणि मला ते आधीच कळलं होतं. गाव हरत होतं आणि मी बरोबर ठरत होतो. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला दुसरी गोष्ट मला जास्त गोड लागली.

मध्यंतराला सगळे गडी मातीत बसून पाणी पीत होते. तो उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो, खिशातून शिक्का काढून तळहातावर धरला आणि हळूच म्हटलं, ‘बघितलास? असाच खेळलास तर हा परत पिंपात जाईल.’

त्याने शिक्क्याकडे बघितलं. मग वाकून हाताला माती लावली. वाकताना गुडघा मोडला नाही, नुसता कमरेतून वाकला. म्हणाला, ‘बरं.’

दुसऱ्या डावात आमचा जुना चढाईपटू परत आला. मी आयुष्यात तसा खेळ बघितला नाही. पार मागच्या रेषेपर्यंत आत शिरला, एकाला हाताने टिपला, दुसऱ्याला पायाने, परत. पुन्हा गेला, पुन्हा दोन. समोरच्यांवर लोण चढवला तेव्हा बायकासुद्धा शेताच्या बांधावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडे सारखे गुण. चढाई त्याची.

तो आत गेला, डाव्या कोपऱ्यावरच्या गड्याला शिवला आणि उजव्या पायावर त्याची ती गिरकी घेतली. तिथेच खाली कोसळला. त्याला कोणीही धरलं नव्हतं. जवळचा माणूस हातभर लांब होता, तोही दचकून थांबला. तो मातीत पालथा, तोंडाने कबड्डी कबड्डी चालूच, आणि कोपरांवर रांगत मध्यरेषेकडे सरकत होता.

त्या वेळी मी काठावरून जिवाच्या आकांताने ओरडलो, ‘ऊठ! नाटकं नकोत! ऊठ!’

ते चित्रण अजून लोकांच्या मोबाईलवर आहे. चेहरा माझा दिसत नाही, पण गावात माझा आवाज कोण ओळखत नाही? त्याचा हात रेषेला लागला तोवर मी तीनदा ओरडलो आहे.

आम्ही जिंकलो. ढोल वाजले. त्याला चौघांनी उचलून गाडीत घातलं तेव्हा अध्यक्षांच्या गळ्यात हार होता.

सकाळी दवाखान्यात गेलो. त्याचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत बांधलेला. मी खुर्ची न घेता उभाच राहिलो. दाखल्यावर शिक्का उठवला होता, तो कागद त्याच्या उशाशी ठेवला. म्हटलं, मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे.

छताकडे बघत त्याने सगळं सांगितलं, रागावून नाही, एखाद्याला रस्ता सांगावा तसं. माघात म्हसळ्याला पकडीत गुडघा फिरला होता. कोणाला कळू दिलं नाही. पालीच्या पलीकडे एक हाडवैद्य आहे, दर मंगळवारी त्याच्याकडून पाय बांधून घ्यायचा. डॉक्टरलाही दाखवला होता. डॉक्टर म्हणाला, चार महिने खेळू नको, पाय भरून येईल. म्हणजे हिशेब सोपा होता. चैत्रात दाखला घ्यायचा, पावसाळाभर बसून राहायचं, पुढच्या मोसमात नव्या मंडळाकडून धडधाकट उतरायचं.

‘मांडी घालता येत न्हवती, काका. त्या दिवशी सभामंडपात बसलो असतो तर उठवाया दोघं लागले असते. सगळ्यांना कळलं असतं.’

‘मला एकट्याला सांगायचंस,’ मी म्हटलं.

‘सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?’

मला ठाऊक होतं मी काय केलं असतं. मी ती गुडघ्याची बातमी राखून ठेवली असती. कधी तरी, कुठे तरी, दोन गड्यांसाठी, ती वापरली असती. आणि लंगडा गडी कोणी बदलीत घेत नाही, रुसलेला घेतात. म्हणून तो रुसला होता. त्याला एकच गोष्ट टाळायची होती, ती म्हणजे फायनल. मी मागितली तीच.

दुपारभर मोठ्या मंडळाच्या चिटणीसांना फोन लावला. उचलला नाही. शेवटी संध्याकाळी संदेश आला की त्यांनी कोपऱ्याचा गडी आपल्याकडेच ठेवायचं ठरवलं आहे, म्हणजे सौदा मोडला. मी तो त्याला दाखवला. त्याने दाखला चार घड्या करून माझ्याच शर्टाच्या खिशात परत घातला. मला तिथे रडू आलं. त्याच्यासमोरच आलं, आणि त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं, हा त्याचा चांगुलपणा.

चषक आता कायमचा सभामंडपातल्या कपाटात आहे. कोणी पुसत नाही.

यंदा फाल्गुनात पुन्हा गावकी भरली. तो येणार असं कळलं होतं. मी सकाळी घरून प्लास्टिकची खुर्ची खांद्यावर घेऊन गेलो आणि खांबाजवळ ठेवली. देवळात गावासमोर खुर्ची, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. तो काठी टेकत पायऱ्या चढला, खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बसला. पाय सरळ पुढे पसरला, सतरंजीवर, सगळ्यांच्या मध्ये.

‘बसलो, काका,’ तो म्हणाला. ‘आता बोलू?’

मी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, ‘बोल.’

‘मंडळाचा शिक्का माझ्याकडं द्या. ज्याला जायचं असेल त्याला मी दाखला देईन. बाकी मला काय नको.’

मी उठलो, घरी गेलो, तांदळात हात घालून शिक्का काढला आणि आणून त्याच्या हातात ठेवला. ठेवताना, एवढं सगळं होऊनसुद्धा, माझ्या मनात आलंच: याला हा कशाला हवा असेल? यात याचा काय डाव?

तोंडातून मात्र मी ते बाहेर येऊ दिलं नाही. त्याच्या पायाच्या बदल्यात मी एवढंच शिकलो.